पाणबुडीची प्रतिकृति आणि इतिहासाचें माप

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे बखरी, पत्रव्यवहार, शिलालेख, ताम्रपट, नाणीं हींच प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. प्रतिकृतीस त्या मालिकेंत कोणी सहसा गणीत नाहीं. ती मुलांचा खेळ, फार तर रिकाम्या वेळचा छंद, अशीच सार्वत्रिक समजूत आहे. परंतु दिवाळींत अंगणाच्या कोपऱ्यांत मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाकडे ज्यानें लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यास ही समजूत अपुरी वाटल्यावांचून राहणार नाहीं. माची कोठें संपते, बुरूज कोणत्या बाजूस हवा, पाण्याचें टाकें कोठें खोदावें, वाट किती वेळां वळवावी, हे प्रश्न पुस्तक वाचतांना त्याच्या मनांत आलेले नसतात. हात मातींत बुडाल्यावरच ते उभे राहतात. जें हातानें पुन्हा घडवावें लागतें तें डोळ्यांस अधिक दिसूं लागतें. मात्र त्याच किल्ल्यावर मांडलेले मावळे तेवढे मुलाला दिसतात; पायथ्याच्या खेड्यांतून धान्य वर वाहून नेणारीं माणसें दिसत नाहींत, कारण त्यांच्या मूर्ति बाजारांत मिळत नाहींत. प्रतिकृति जितकें दाखविते तितकेंच झांकतेही. दुसऱ्या महायुद्धांतील एका जर्मन पाणबुडीच्या प्रतिकृतीच्या निमित्तानें ह्या दोन्ही गोष्टींचा विचार करण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

ही पाणबुडी ‘टाइप सात-सी’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. १९४० पासून १९४५ पर्यंत जर्मन आरमारांत ह्या प्रकारच्या साडेपांचशेंहून अधिक पाणबुड्या दाखल झाल्या; एकाच प्रकारच्या इतक्या पाणबुड्या जगांत दुसऱ्या कोणीही बांधलेल्या नाहींत. आज सातव्या प्रकारची एकच पाणबुडी अखंड उरली आहे. ती ‘यू-९९५’ ही सुधारलेली भगिनी असून जर्मनींत कील शहराजवळ लाबे येथें समुद्रकिनारीं १९७२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तेथवर जाणें ज्यांस शक्य नाहीं त्यांच्यासाठीं रेव्हेल ह्या कंपनीनें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं १:७२ ह्या प्रमाणांत तिचा प्लॅस्टिकचा संच काढला. मूळ नौका ६७ मीटर लांब. तिचा बहात्तरावा हिस्सा म्हणजे ९३ सेंटिमीटर. साधें लिहिण्याचें मेज तिला पुरत नाहीं. भाग चौकटींतून कापून घ्यावयाचे, कानशीनें घासावयाचे, द्रावणानें प्लॅस्टिक किंचित् विरघळवून एकमेकांस जोडावयाचे, मग पाणरेषेखालीं गडद व वर फिकट असा राखी रंग देऊन लोखंडाचे गंजलेले ओघळ व समुद्राच्या मिठाचे डाग त्यावर उतरवावयाचे, असें हें काम महिनोन् महिने चालतें.

बहात्तर हाच आंकडा कां, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें उत्तर इंग्रजी मापांत आहे. सहा फूट उंचीचा माणूस बहात्तर पटींनीं लहान केला असतां बरोबर एक इंच भरतो. ‘फ्रॉग’ ह्या इंग्रज कारखान्यानें १९३६ मध्यें ‘पेंग्विन’ नांवाचे विमानांचे जुळविण्याजोगे प्लॅस्टिक संच विकावयास काढले ते ह्याच प्रमाणांत. पुढें अमेरिका युद्धांत उतरली तेव्हां, आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें हें सैनिकांस व नागरिकांस क्षणांत ओळखतां यावें म्हणून, १९४२ मध्यें तेथील सरकारनें शाळकरी मुलांकडून विमानांच्या पांच लक्ष प्रतिकृति मागविल्या. त्याही १:७२ च. तेव्हां प्रतिकृति हा युद्ध संपल्यावर सुचलेला खेळ नव्हे. युद्ध चालू असतांनाच ती युद्धाच्या कामीं लागली होती. ही गोष्ट पुढें अधिक स्पष्ट होईल.

प्रथम ही नौका जुळवितांना काय दिसतें तें पाहूं. तिच्या कवचास दोन्ही अंगांनीं लांबच लांब अशा खांचांच्या रांगा असतात. निष्णात छांदिष्ट ह्या खांचा बारीक गिरमिटानें व कानशीनें एकेक करून आरपार मोकळ्या करितात, आणि त्यांची मांडणी गोदीगणिक निराळी असल्यामुळें आपण करीत असलेली पाणबुडी कोणत्या गोदींतली, ह्याचा जुनीं छायाचित्रें पाहून शोध घेतात. ह्या खांचा कशासाठीं? तर बाहेरून जें नौकेचें शरीर म्हणून दिसतें त्याचा बराचसा भाग केवळ आच्छादन आहे. नौका बुडी मारूं लागली कीं ह्या खांचांतून पाणी त्यांत शिरतें व वर येतांना निथळून जातें. माणसें राहतात तो खरा भाग ह्या आच्छादनाच्या पोटांत दडलेली, अवघी ४.७ मीटर व्यासाची पोलादी नळी होय. त्या नळींत दोन डिझेल एंजिनें, दोन विजेच्या मोटारी, विद्युत्संचयांची रास, पाणतीर, अन्न आणि पंचेचाळीस ते पन्नास माणसें इतकें सर्व सामावलेलें असे. एकाच बिछान्यावर पाळीपाळीनें दोघांनीं निजावयाचें. सफरीच्या आरंभीं दोहोंपैकीं एक शौचकूप शिध्यानें भरलेला असावयाचा. ९३ सेंटिमीटरच्या डौलदार आकृतीकडे बघून ह्यांतलें कांहींच कळत नाहीं. खांच कोरतांना मात्र ‘हें भोंक कां?’ ह्या प्रश्नापाठोपाठ तें कळतें.

दुसरी गोष्ट मापाची. ग्रंथांत लिहिलेले आंकडे आपण वाचतों व विसरतों. तेच प्रतिकृतीच्या प्रमाणांत उतरविले म्हणजे मनावर ठसतात. ही पाणबुडी पृष्ठभागावरून बेताच्या गतीनें ८,५०० सागरी मैल जाऊं शके. आमच्या मेजावरील प्रतिकृतीच्या हिशेबानें हें अंतर सुमारें २१८ किलोमीटर होतें, म्हणजे मुंबईहून निघून पुणें मागें टाकावें आणि आणखी साठ-सत्तर किलोमीटर जावें. तीच नौका पाण्याखालीं विजेवर ताशीं चार मैलांच्या चालीनें फक्त ८० सागरी मैल जाई. प्रतिकृतीच्या मापानें दोन किलोमीटर, म्हणजे घरापासून बाजारापर्यंत. तितकें गेल्यावर संचय रिते होत, आणि डिझेल एंजिनास हवा हवी म्हणून वर यावेंच लागे. पाण्याखालीं तिची अधिकांत अधिक गति ताशीं साडेसात मैलांच्या आसपास. पृष्ठभागावर मात्र सतरा मैलांहून अधिक. ह्यावरून उघड होतें कीं, जिला आपण पाणबुडी म्हणतों ती वस्तुतः प्रसंगीं बुडी मारूं शकणारी होडी होती. १९४४ मध्यें हवा खेंचून घेणारी नळी बसविली जाईपर्यंत तिची ही स्थिति बदलली नाहीं.

ह्या एका गोष्टींत अटलांटिक महासागरावरील युद्धाचें अर्धें रहस्य आहे. पाण्याखालून ताफ्याचा पाठलाग करणें ह्या नौकेस परवडणारें नव्हतें. म्हणून तिच्या कप्तानांनीं रात्रीं पृष्ठभागावरून हल्ला करण्याची युक्ति काढली. ताफ्याचें रक्षण करणाऱ्या ‘फ्लॉवर’ वर्गाच्या ब्रिटिश कॉर्व्हेट ताशीं सोळा मैल जात. पाणबुडी त्यांहून थोडी वेगवान. तिचा बुटका मनोरा लाटांच्या काळोखांत दिसत नसे, आणि पाण्याखालचा ध्वनि पकडणारें यंत्र वर तरंगणाऱ्या नौकेपुढें जवळजवळ आंधळें ठरे.

हें कोडें ज्या ठिकाणीं पुष्कळसें उलगडलें तेथें प्रतिकृतीचाच उपयोग झाला, हें ह्या विषयाच्या प्रेमिकांस मोठें समाधानकारक वाटेल. १९४२ च्या आरंभीं लिव्हरपूल येथें डर्बी हाउस ह्या इमारतींत गिल्बर्ट रॉबर्ट्स नांवाच्या आरमारी अधिकाऱ्यानें एक अभ्यासशाळा उघडली. क्षयामुळें त्यास सक्त नोकरींतून निवृत्त व्हावें लागलें होतें. त्याच्या हाताखालीं आरमाराच्या स्त्रीशाखेंतील तरुण मुली होत्या. मोठ्या दालनाच्या जमिनीवर चौकटी आंखून त्यांवर चिमुकलीं जहाजें मांडलीं जात. रक्षक नौकांचे अधिकारी कॅनव्हासच्या पडद्यामागें उभे राहून बारीक छिद्रांतून, खऱ्या समुद्रावर दिसेल तेवढेंच, पाहूं शकत. त्यांच्या स्वतःच्या नौकांचा मार्ग पांढऱ्या खडूनें व पाणबुडीचा हिरव्या खडूनें आंखला जाई. कारण त्या जमिनीवर हिरवी रेघ तिरप्या नजरेस दिसत नसे. अशा खेळांतून रॉबर्ट्सच्या ध्यानांत आलें कीं, पाणबुडी बाहेरून पाणतीर फेंकते ही सर्वांची समजूत चुकीची असून ती पाठीमागून ताफ्याच्या रांगांत शिरते, आंतूनच मारा करते आणि मग बुडी मारून ताफा पुढें जाण्याची वाट पाहते. त्यावर योजिलेल्या पहिल्या प्रतिडावास ‘रास्पबेरी’ हें चेष्टेचें नांव मिळालें. पुढें सुमारें पांच हजार अधिकारी ह्या जमिनीवरच्या समुद्रांत शिकून खऱ्या समुद्रावर गेले.

ह्याच्या जोडीस नवीं रडार यंत्रें, दूर पल्ल्याचीं विमानें व जर्मन गुप्तलिपीचा उलगडा ह्या गोष्टी आल्या आणि पारडें फिरलें. १९४३ च्या एकट्या मे महिन्यांत ४१ जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या. जर्मन आरमाराचा सेनापति डोनिट्झ ह्याचा धाकटा पुत्र त्याच महिन्यांत ‘यू-९५४’ ह्या सात-सी नौकेवर बुडाला, आणि महिना संपण्यापूर्वींच डोनिट्झला उत्तर अटलांटिकमधून आपल्या नौका मागें घ्याव्या लागल्या. युद्धाच्या शेवटीं हिशेब झाला तेव्हां पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारें चाळीस हजार जर्मनांपैकीं जवळजवळ तीस हजार परत आले नव्हते. ज्या नळीचा व्यास आम्हीं वर दिला आहे, ती त्यांतील बहुतेकांची शवपेटी झाली. मनोऱ्यावर एक इंचाचा माणूस चिकटवितांना हा आंकडा ज्यास आठवणार नाहीं, त्यानें प्रतिकृति केली असेल, इतिहास वाचला नाहीं.

येथपर्यंत प्रतिकृति आपणांस काय दाखविते तें सांगितलें. आतां ती काय झांकते तें सांगणें प्राप्त आहे.

ह्या पाणबुडीची लोकप्रियता तिच्या आकृतीमुळें जितकी आहे तितकीच एका कादंबरीमुळें व तीवरून निघालेल्या चित्रपटामुळें आहे. लोथार-ग्युंटर बूखहाइम हा युद्धवार्ताहर १९४१ मध्यें ‘यू-९६’ वरून सफरीस गेला होता. त्या अनुभवावर त्यानें लिहिलेली ‘दास बोट’ ही कादंबरी १९७३ मध्यें प्रसिद्ध झाली व १९८१ मध्यें तिचा चित्रपट निघाला. तेव्हांपासून जगभरचे छांदिष्ट ह्याच नौकेच्या पाठीस लागले आहेत. ग्रंथ व चित्रपट दोन्ही समर्थ आहेत आणि शत्रूपक्षाच्या माणसांसही भय, भूक व मृत्यु आहे हें त्यांनीं दाखविलें, ही कामगिरी लहान नव्हे. परंतु त्यामुळें आपली नजर त्या नळीच्या आंतच राहते. पेरिस्कोपच्या दुसऱ्या टोकास जें होतें तें अंधुक कृष्णाकृतीपलीकडे जात नाहीं. संचाच्या खोक्यांतही तेंच. त्यांत तोफ आहे, सुकाणू आहे, मनोऱ्यावरचीं बोधचिन्हें आहेत. ज्याच्यासाठीं हें सर्व घडविलें गेलें तें व्यापारी जहाज मात्र नाहीं. पाणबुडीशीं झुंजणारी कॉर्व्हेटसुद्धां ह्याच प्रमाणांत मिळूं शकते. पण धान्य, कोळसा, चहा व माणसें वाहणारें साधें मालजहाज ह्या मापांत करण्याचें कारखानदारांच्या मनांत येत नाहीं. युद्धनौकेस गिऱ्हाईक आहे, ओझेंवाल्यास नाहीं.

ही उणीव केवढी आहे हें एका उदाहरणानें कळेल. ‘सिटी ऑफ बनारस’ हें सुमारें अकरा हजार टनांचें उतारूंचें जहाज १३ सप्टेंबर १९४० रोजीं लिव्हरपूलहून कॅनडाकडे निघालें. बाँबवर्षावांतून वांचावीं म्हणून इंग्लंडाबाहेर पाठविलेलीं ९० मुलें त्यावर होतीं. १७ सप्टेंबरच्या रात्रीं तुफानी समुद्रांत ‘यू-४८’ नें त्यावर पाणतीर सोडला. ही नौका सात-बी प्रकारची, म्हणजे आमच्या मेजावरील नौकेची वडील बहीण. दोघींच्या लांबींत मीटरभरही फरक नाहीं. जहाज अर्ध्या-पाऊण तासांत बुडालें. ९० मुलांपैकीं ७७ दगावलीं. बारा क्रमांकाची जीवननौका आठ दिवस समुद्रावर भटकत राहिल्यावर एका विमानास दिसली व तींतील लोकांची सुटका झाली. तीत सहा मुलगे होते, त्यांस गोष्टी सांगून धीर देणारी एक संगीतशिक्षिका होती, आणि तीसांहून अधिक हिंदी खलाशी होते. त्या मुलांचीं व त्या बाईंचीं नांवें इंग्रजी ग्रंथांतून वारंवार येतात. खलाशांचा उल्लेख बहुधा ‘लास्कर’ ह्या एका शब्दांत आटोपतो. तें जहाज १:७२ ह्या प्रमाणांत केलें तर दोन मीटरांहून अधिक लांब होईल, म्हणजे पाणबुडीच्या दुपटीहून मोठें. प्रत्यक्ष पाणतीर सात मीटर लांबीचा; प्रतिकृतींत तो आपल्या मधल्या बोटाहून थोडा मोठा दिसतो. त्याच्या अग्रांत २८० किलोग्रॅम स्फोटक द्रव्य असे. सातशें-आठशें मीटरांवरून तो सुटे असें धरलें तर आपल्या दिवाणखान्यापासून परसाच्या दारापर्यंतचें अंतर झालें. बोटाएवढी वस्तु, दहा पावलांचें अंतर आणि दोन मीटरांचें जहाज, इतकें डोळ्यांपुढें आणल्यावांचून त्या रात्रीचें माप मनास लागत नाहीं.

ह्या ‘लास्कर’ शब्दाच्या आड कोण होतें, हें महाराष्ट्रांतील व गोव्यांतील वाचकांस परक्यानें सांगण्याची गरज नसावी. युद्धारंभीं ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांपैकीं जवळजवळ एक चतुर्थांश हिंदी होते, आणि त्यांच्या भरतीचें मुंबई हें एक मुख्य बंदर होतें. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मुसलमान दर्यावर्दी पिढ्यान् पिढ्या जहाजांवर कामास जात. सारंग, टंडेल, आगवाला, भंडारी हे शब्द त्या जगांतले. गोव्यांतील ख्रिस्ती मंडळी उतारूंच्या सरबराईस व स्वयंपाकघरांत असत. मुंबईंत धोबीतलाव व माझगांव भागांत त्यांचे गांवोगांवचे ‘कूड’ होते, आणि एक जहाज सुटून दुसरें मिळेपर्यंत ते तेथें राहत. गोऱ्या खलाशाच्या मानानें ह्यांस मिळणारें वेतन अत्यल्प होतें. १९३९ मध्यें युद्ध सुरू होतांच ब्रिटिश व इतर बंदरांत त्यांनीं संप केले. कित्येकांस तुरुंग पाहावा लागला, पण वेतनांत वाढ मिळाली. तरीही कोळशाच्या तळघरांत, पाणरेषेखालीं, जेथें पाणतीर प्रथम फुटतो तेथेंच कित्येकांचें काम होतें.

सात-सी पाणबुडी अरबी समुद्रांत आली नाहीं. तिचा पल्लाच तेवढा नव्हता. हिंदी महासागरांत ज्या जर्मन नौका आल्या त्या बहुतांशीं मोठ्या नवव्या प्रकारच्या होत्या. मुंबईहून आफ्रिकेस निघालेलें ‘टिलावा’ हें जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजीं बुडालें व २८० माणसें गेलीं, तेंही एका जपानी पाणबुडीमुळें. परंतु ही नौका आमच्या किनाऱ्यापर्यंत पोंचली नाहीं म्हणून तिचा इतिहास आमचा नव्हे, असें म्हणतां येत नाहीं. ती आमच्याकडे आली नाहीं, आमचीं माणसें तिच्यापुढें गेलीं. त्या महायुद्धांत मृत्यु पावलेल्या हिंदी आरमारी व व्यापारी खलाशांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. त्यांत बहुतेक सर्व व्यापारी जहाजांवरचे. समुद्रांत गेलेल्यास थडगें नसतें; म्हणून त्यांचीं नांवें एका ग्रंथांत नोंदलेलीं आहेत. त्याची एक प्रत मुंबईस मशीद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्यें व तशीच दुसरी आज बांगला देशांत असलेल्या चितगांवांत आहे. एकाच यादीच्या दोन प्रती दोन देशांत असाव्या, ह्यांतही त्या काळाचा इतिहास आहेच.

कोणी म्हणेल, छंद तो छंद. मनुष्य दिवसभराच्या श्रमानंतर चार घटका रंग व कानस घेऊन बसतो, त्याच्या माथीं सहा हजार मृतांचा भार कशाला? हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. छंदाचा आनंद निर्व्याज असतो आणि तो तसाच राहावा. परंतु ज्या छंदांत खांच कोणत्या गोदीची, राखी रंगाची छटा कोणत्या वर्षाची, ह्याची सत्यासाठीं इतकी काटेकोर छाननी चालते, त्या छंदास आणखी एक प्रश्न विचारणें अन्यायाचें होणार नाहीं. अचूकता हीच ज्याची प्रतिज्ञा, त्यानें अर्ध्याच दृश्याची अचूकता पुरेशी कां मानावी? लिव्हरपूलच्या जमिनीवर त्या मुलींनीं जो समुद्र मांडला होता त्यांत पाणबुडी, रक्षक नौका व ताफा हीं तिन्हीं होतीं. म्हणूनच त्यांस सत्य सांपडलें. एकटी पाणबुडी मांडून बसले असते तर तिच्या डौलाचें कौतुक करण्यापलीकडे त्यांच्या हातीं कांहीं लागलें नसतें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्यांच्या घरीं अशी नौका तयार होत असेल त्यांनीं ती अवश्य पुरी करावी, खांचा मोकळ्या कराव्या, गंजाचे ओघळ मन लावून काढावे. मुलांस जवळ बसवून पोलादी नळीचा व्यास व विजेच्या दोन किलोमीटरांचा हिशेब सांगावा. मग नौका फळीवर ठेवतांना तिच्या शेजारीं दोन मीटर जागा मोकळी सोडावी. ही जागा कशाची, असें मूल विचारीलच. तें जहाज बाजारांत मिळत नाहीं, असें त्यास सांगावें, आणि त्यावर कोण होतें तेंही सांगावें.